रेडचा बॉस पाडायचा कसा?

घरात मोबाईल एक आणि त्यावर डोळा तिघा भावंडांचा, हे आपल्या बहुतेक घरांतले चित्र आहे. त्यातले एखादे मूल 'पोकेमॉन गो' खेळत असेल, तर 'रेड', 'बॉस', 'पास' हे शब्द आईबापांच्या कानांवर पडलेच असतील. "पाससाठी पैसे द्या ना" हा हट्टही कधीतरी झाला असेल. रोजंदारीच्या घरात असे पैसे काढणे सोपे नाही. म्हणून हे प्रकरण काय आहे ते पालकांनी एकदा समजून घ्यावे.

हा खेळ जुलै २०१६ मध्ये निघाला. भारतात तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला. रेड म्हणजे एका ताकदवान प्राण्याशी, बॉसशी, ठरावीक वेळात करायची लढाई. पाचव्या दर्जाच्या बॉससाठी ३०० सेकंद मिळतात आणि प्रत्येकाने आपले सहा प्राणी उतरवायचे असतात. जिमवर गेले की दिवसाला एक पास फुकट मिळतो, त्यापुढचे पास विकतचे. लढाई हरली तर बॉस तिथे असेपर्यंत त्याच पासवर पुन्हा उतरता येते, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. पण बेशुद्ध पडलेल्या प्राण्यांना उठवण्याची औषधे संपतात, सोबतची मुले कंटाळून घरी जातात आणि मग उद्यासाठी नव्या पासचा हट्ट सुरू होतो.

हार बहुधा निवडीत होते. प्राण्याच्या डोक्यावर जो सीपीचा आकडा असतो, तो मोठा पाहून मुले संघ भरतात. वास्तविक या खेळात अठरा प्रकार आहेत. पाणी, आग, गवत, बर्फ, वीज, खडक असे. कोणता प्रकार कोणावर भारी, हे ठरलेले आहे. वार वर्मी बसला तर तो १.६ पट होतो. बॉस दोन प्रकारांचा असेल आणि दोन्ही त्या वारापुढे कमजोर असतील, तर २.५६ पट. उलट दोन्ही प्रकार वार सोसणारे निघाले, तर वार ०.३९ पटीवर येतो.

रेक्वाझा हा बॉस घ्या. तो ड्रॅगन आणि उडणारा, अशा दोन प्रकारांचा. समजा मुलाने मोठ्या सीपीचा व्हीनसॉर उतरवला आणि गवताचा वार केला. शंभराचा वार एकोणचाळीसच लागेल. शिवाय रेक्वाझाचे उडत्या प्रकाराचे वार व्हीनसॉरला जास्त झोंबतील. तोच शंभराचा वार बर्फाचा असता तर २५६ लागला असता. म्हणजे फरक साडेसहा पटींचा! एवढा फरक सीपीने भरून निघत नाही.

म्हणून रेक्वाझासमोर मॅमोस्वाइन हवा. पण इथेही एक मेख आहे. मॅमोस्वाइन बर्फ आणि जमीन अशा दोन प्रकारांचा असतो. त्याच्याकडे 'मड स्लॅप' हा जमिनीचा वार असेल, तर उडणाऱ्या रेक्वाझावर तो जवळजवळ वाया जातो. 'पावडर स्नो' आणि 'अ‍ॅव्हलांच' हे दोन वार आहेत का, ते आधी बघावे. प्राणी स्वतः ज्या प्रकाराचा, त्याच प्रकाराचा वार त्याने केला की आणखी १.२ पट जोर मिळतो, तोही इथे पदरात पडतो.

टायरॅनिटार हा खडक आणि अंधार या प्रकारांचा. त्याला झुंजीचा वार २.५६ पट लागतो. त्यासाठी मॅचॅम्प उत्तम, आणि तो गरिबाच्या आवाक्यातला आहे. मॅचोकचा मॅचॅम्प करायला १०० कँडी लागतात. पण तोच मॅचोक मित्राशी अदलाबदल करून मिळालेला असेल तर एकही कँडी लागत नाही. आभाळ भरून आले असेल तर झुंजीचे वार १.२ पट होतात, म्हणून अशा दिवशी टायरॅनिटार सापडला तर संधी सोडू नये.

पाऊस मात्र दुधारी आहे. पावसात वीज आणि पाणी दोन्ही प्रकार जोरात असतात. पाण्याच्या कायोग्रवर विजेचे वार चांगले चालतात खरे, पण त्या दिवशी कायोग्रही तेवढाच चढलेला असतो. बर्फाच्या वारांना हिमवर्षावात बळ मिळते, ते आपल्या गावात कुठून मिळणार!

खेळ स्वतः सहा प्राणी सुचवतो, त्यावर डोळे मिटून विसंबू नये. पुष्कळदा त्यात मार खाऊन टिकणारे प्राणी येतात आणि वेळ मात्र संपून जातो. त्यापेक्षा मुलांनी वहीच्या एका पानावर अठरा प्रकार लिहून, कोण कोणावर भारी ते समोर मांडावे. नावे इंग्रजी असली तरी दोन-तीन दिवसांत पाठ होतात. मोठ्या बॉससाठी तीन-चार मुलांनी आधीच ठरवून आपापले संघ तयार ठेवावेत आणि जिमजवळ रस्ता सोडून कडेला उभे राहून मगच पास वापरावा. अंडे फुटल्यावर बॉस साधारण ४५ मिनिटे थांबतो, तेवढ्यात दोनदा प्रयत्न सहज होतात.