मेंढी गेली तरी कुंपण घाला : चिनी चतुरक्षरी म्हणींचा अर्थ

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझा पुतण्या मंद्रूपच्या घरी आला तो तणतणतच. सोलापूरच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. चिनी बनावटीच्या मागाचे काही सुटे भाग त्याने तिकडच्या एका पुरवठादाराकडून मागवले होते. माप याच्याकडूनच चुकले. नव्या मागाऐवजी जुन्याचे पाठवले गेले. आलेला माल बसेना आणि सव्वा लाख रुपये अडकले. तसे कळवल्यावर तिकडच्या प्रतिनिधीचे उत्तर आले. आधी चार चिनी अक्षरे आणि खाली नवी मापे भरण्यासाठी कोरा तक्ता. त्या चार अक्षरांचा अर्थ मोबाइलने दाखवला : 'मेंढी हरवली, गोठा दुरुस्त करा.'

"काका, ह्यो माझी टर उडवायलाय," पुतण्या म्हणाला. "बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणायलाय मला."

'तुमची मेंढी तुमच्यापाशीच ठेवा,' असे रागाच्या भरात त्याने कळवूनही टाकले होते. मोबाइलने त्याचे चिनीत काय केले असेल, देव जाणे. दोन दिवस तिकडून अवाक्षर नव्हते. माग बंद होता, कामगार बसून होते.

मी पस्तीस वर्षे मराठी शिकवली. म्हणी आणि वाक्प्रचार हा माझ्या आवडीचा भाग. चिनीची ओळख मात्र निवृत्तीनंतरची. नात पुण्यात चिनी शिकते. सुट्टीत तिची पुस्तके चाळता चाळता मलाही नाद लागला. तिला फोन लावला. ती हसायलाच लागली. "आजोबा, तो अगदी उलट म्हणतोय. अजून उशीर झालेला नाही, असा त्याचा अर्थ आहे."

चित्र जवळजवळ एकच आणि अर्थ नेमका उलटा. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

चार अक्षरे, एक गोष्ट

चिनी भाषेत अशा ठरीव शब्दबंधांना 'छंग-यू' म्हणतात. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे असतात. चिनी लिपीत एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि साधारणपणे एक अर्थ. त्यामुळे चार अक्षरांत चार शब्द मावतात. त्यांची भाषा जुनी, ग्रांथिक. आपण मराठी बोलता बोलता 'अति सर्वत्र वर्जयेत्' म्हणून जातो, तसे आजचा चिनी माणूस बोलण्यात छंग-यू पेरतो. (पुढे दिलेले उच्चार देवनागरीत जमतील तेवढेच. चिनी स्वरांचे चढउतार आपल्या लिपीत उतरत नाहीत.)

सगळ्या छंग-यूंमागे गोष्ट असते असे नाही, पण जे नुसत्या शब्दांवरून उमगत नाहीत त्यांच्यामागे बहुधा असते. चार अक्षरे ही त्या गोष्टीची किल्ली. गोष्ट ठाऊक नसेल तर किल्ली हातात असून कुलूप उघडत नाही.

आपल्याकडे हे नाही असे समजू नये. 'ध चा मा करणे' हे परक्या माणसाला शब्दशः सांगून पाहा. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली झालेला खून आणि 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले ही परंपरेने चालत आलेली कथा सांगितल्यावाचून त्याला काय कळणार? अगदी असाच चिनी शब्द आहे 'माओ-तुन'. माओ म्हणजे भाला, तुन म्हणजे ढाल. हान फेइ या इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील विचारवंताच्या ग्रंथात एक विक्रेता येतो. माझा भाला कशालाही भेदतो, असे तो म्हणतो. माझी ढाल कशानेही भेदली जात नाही, असेही म्हणतो. तुझाच भाला तुझ्याच ढालीवर मारला तर काय होईल, असे कोणी विचारताच त्याची बोलती बंद होते. आज 'भालाढाल' हा 'विसंगती'साठीचा रोजचा चिनी शब्द आहे.

एक चित्र, एक अर्थ

काही चिनी म्हणी आपल्या दारात उभ्या असल्यासारख्या वाटतात. 'चिंग ती च वा' म्हणजे विहिरीच्या तळचा बेडूक, आपला कूपमंडूक. च्वांगत्झ या प्राचीन ग्रंथात हा बेडूक पूर्वसमुद्रातल्या कासवाला आपल्या पडक्या विहिरीचे वैभव ऐकवतो. कासव मग समुद्राचे वर्णन करते आणि बेडूक थक्क होऊन गप्प बसतो. स्वामी विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोला सांगितलेल्या गोष्टीतला बेडूक मात्र समुद्रातून आलेल्या पाहुण्यालाच खोटारडा ठरवतो. चिनी बेडकाला निदान आपले चुकले हे कळते.

दुसरी 'लिन ख च्युए चिंग', म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे. आपल्या म्हणीशी शब्दाला शब्द जुळतो. मूळ विचार चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथातला, 'ह्वांगती नेइचिंग'मधला. रोग बळावल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आणि लढाई जुंपल्यावर शस्त्रे घडवणे, असे तिथे म्हटले आहे. दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चित्र वेगळे, अर्थ जवळचा

'त्वे न्यू थान छिन' म्हणजे गाईपुढे छिन वाजवणे. छिन हे तंतुवाद्य. आपण म्हणतो, 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.' मंद्रूप सीमेवरचे गाव. इथे कानडीही घराघरांत बोलली जाते. कानडीत म्हणतात, 'कोणन मुंदे किन्नरी बारिसिदंते', म्हणजे रेड्यापुढे किन्नरी वाजवल्यासारखे. किन्नरी हेही तंतुवाद्यच. म्हणजे या म्हणीत आमची कानडी मराठीपेक्षा चिनीच्या अधिक जवळ बसते.

पण मूळ चिनी गोष्ट पुढे जाते. कुंग-मिंग ई नावाचा वादक गाईपुढे उत्तम संगीत वाजवतो. गाय चरतच राहते. मग तो डासांची गुणगुण आणि एकट्या वासराचे हंबरणे वाजवतो. गाय कान टवकारते, शेपूट हलवते, जवळ येऊन ऐकू लागते. ही गोष्ट मोउत्झ नावाच्या बौद्ध लेखकाच्या ग्रंथात आहे. बुद्धाचा धर्म चिनी लोकांना समजावताना तू चिनी ग्रंथांचेच दाखले का देतोस, या प्रश्नाला त्याचे हे उत्तर होते. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचे असेल ते वाजवावे. आज चीनमध्ये ही म्हण ऐकणाऱ्याला नावे ठेवायला वापरतात; बोलणाऱ्याला दिलेला मूळचा सल्ला मागे पडला. आम्हा शिक्षकांनी तो विसरू नये.

आपल्या अंगणातले फूल

बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीनमध्ये शब्दही गेले. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट तिकडे चार अक्षरांत आहे. त्याहून नवल वाटले ते उंबराच्या फुलाचे. 'थान ह्वा ई श्येन' म्हणजे थान-फूल एकदा दिसणे. यातला 'थान' संस्कृत 'उदुंबर' शब्दाच्या चिनी रूपातून उरला आहे. बुद्धाचे दर्शन उदुंबराच्या फुलासारखे दुर्मीळ, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. फार दिवसांनी आलेल्या पाहुण्याला आपण 'उंबराचे फूल झालात' म्हणतो, ते याच अर्थाने.

चीनमध्ये मात्र आज या म्हणीचा अर्थ 'क्षणभर चमकून नाहीसे होणे' असा आहे. एखादा गायक एका गाण्याने गाजला आणि विस्मृतीत गेला, तर त्याला ही म्हण लावतात. 'थान ह्वा' हे नाव तिकडे एका निवडुंगवर्गीय झाडालाही आहे. त्याचे पांढरेशुभ्र फूल रात्री उमलते आणि सकाळी मावळते. हे झाड आपल्याकडेही कुंडीकुंडीत असते; आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणतो आणि ते फुलले की शेजाऱ्यांना बोलावतो. खरे म्हणजे ते मूळचे मध्य अमेरिकेकडचे. उंबराचे नाव अशा फुलापाशी गेल्यावर दुर्मीळपणाचा अर्थ सरून क्षणभंगुरतेचा अर्थ वर आला, यात नवल नाही. 'उंबराचे फूल' असा शब्दशः अनुवाद करून कौतुक करायला जावे आणि चिनी माणसाला त्यात हेटाळणी ऐकू यावी, असा हा मामला आहे.

बैल आणि मेंढी

आता पुतण्याच्या मेंढीकडे वळू. 'वांग यांग बू लाओ' : हरवली, मेंढी, दुरुस्त, गोठा. ही म्हण 'चानक्वो त्स' या जुन्या ग्रंथातल्या प्रसंगावरून आली. छू राज्याचा राजा श्यांग चैनीत रमला होता. च्वांग शिन या मंत्र्याने त्याला सावध केले, पण राजाने ऐकले नाही, तेव्हा मंत्री दुसऱ्या राज्यात निघून गेला. पुढे छिन राज्याच्या सैन्याने छूची राजधानी घेतली. राजाने मंत्र्याला बोलावून विचारले, आता काय करू? मंत्री म्हणाला, ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी उशीर होत नाही. मेंढी गेल्यावर गोठा दुरुस्त केला तरी उशीर होत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात धीर यावा म्हणूनच हे वाक्य जन्माला आले.

आपली म्हण मात्र हसण्यासाठी आहे. 'झोपा' म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचे काट्याकुट्यांचे दार. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटायचे, बैल गेला आणि मालक झोपला! गोठ्यांना लोखंडी फाटके आली, झोपा दिसेनासा झाला आणि म्हणीतला शब्द पोरका झाला. म्हणजे गोष्ट हरवली की चिनी काय, स्वतःची म्हणही परकी होते.

दोन म्हणींचे अर्थ उलटे का, याचे मला सुचलेले कारण साधे आहे. मोजके बैल असलेल्या शेतकऱ्याचा बैल गेला की जोडी मोडली, पेरणी अडली. मग रिकाम्या गोठ्याला दार कशाला? मेंढ्यांचा मात्र कळप असतो. आमच्याकडे धनगर माळावर दोरीचे जाळे लावून मेंढ्या बसवतात. सोलापूरच्या माळरानात लांडगे आजही आहेत. रात्री एखादी मेंढी गेली तर सकाळी धनगर जाळ्याची गाठ आवळतो, कारण बाकीच्या मेंढ्या आत आहेत. त्याला कोणी हसत नाही. मोबाइलने शब्द बरोबर दिले होते. मागे राहिलेला कळप तेवढा त्याला दाखवता आला नाही.

सोलापूरचा 'ह्वा'

सोलापूरकराला चीन अगदीच परका नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूरचा. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. पाचही जणांच्या चिनी नावांत शेवटी 'ह्वा' हे अक्षर होते; त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'ख ती-ह्वा'. ते चिनी शिकले आणि तिकडच्या विद्यार्थ्यांना चिनीतूनच वैद्यक शिकवू लागले. गाईला कळेल असे वाजवणे म्हणतात ते हेच. त्यांच्या मुलाचे नाव 'यिन-ह्वा' : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. चीनमध्ये आजही त्यांची आठवण काढतात.

त्या नावाचा आधार घेऊनच आम्ही माफीचा निरोप लिहिला. नातीने तो चिनीत उतरवला. आमच्या भाषेत अशीच म्हण आहे, पण बैलाची, आणि तिचा अर्थ उलटा, म्हणून गैरसमज झाला, आम्ही डॉ. ख ती-ह्वा यांच्या गावाकडचे आहोत. तासाभरात उत्तर आले. हा गिऱ्हाईक व्यवहारच मोडतोय, असे त्या बिचाऱ्याला वाटले होते. त्याने तोच कोरा तक्ता पुन्हा पाठवला.

या वेळी पुतण्याने माप दोनदा घेतले, एकदा माझ्यासमोर. नवे भाग आले, बसले, माग सुरू झाला. पहिले सव्वा लाख काही परत आले नाहीत. ती मेंढी गेलीच. पण कारखान्याच्या भिंतीवर आता प्रत्येक मागाच्या मापाचा कागद चिकटवलेला आहे, आणि त्याच्या वर पुतण्याने ती चार चिनी अक्षरे स्वतःच्या हाताने काढली आहेत. येणारा-जाणारा अर्थ विचारतो. तेव्हा तो आधी राजाची गोष्ट सांगतो आणि मग अर्थ.