आनुवंशिकतेचा पाठ आणि घरातला सिकलसेल

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या पाठात सिकलसेल ॲनिमिया येतो. विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांतल्या बऱ्याच घरांना तो पुस्तकाआधीच ठाऊक असतो. तरी उजळणीत मुले एक चूक हमखास करतात. आईवडील दोघेही एएस, म्हणजे वाहक असतील, तर चार मुलांपैकी एकच आजारी, असे लिहितात. तसे नाही. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढचे सुटत नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तीच: एसएस 25 टक्के, एएस 50, एए 25. चौकट स्वतः काढून पाहा.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. हाडे-सांधे दुखतात ते त्यामुळे. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाचा तर प्रश्नच नाही.

एएस व्यक्ती सहसा निरोगी असते. तिला रोगी लिहिले तर गुण जातात. बाहेर मात्र याच गैरसमजाने मुलींची जुळलेली लग्ने मोडतात. एएस आणि एए जोडप्याला एसएस मूल होत नाही.

स्वतःचा प्रकार माहीत नसेल तर आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणीची चौकशी करा. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. एएस की एसएस हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत कळते.