तीन नळ्यांवर एक दुर्बीण

कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालयात संस्थानी काळातील शिकारीच्या बंदुका मांडलेल्या आहेत. विद्यार्थ्यांची सहल तेथे गेली, तर त्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. बंदुकीवर दुर्बीण बसवायची, तर ती किती अचूक बसवावी लागेल?

उत्तरासाठी आपण जर्मनीतील 'ड्रिलिंग' बंदुकीचे उदाहरण घेऊ. थुरिंगिया प्रांतातील सूल हे गाव अशा बंदुकांसाठी प्रसिद्ध आहे. जर्मन भाषेत 'द्राय' म्हणजे तीन. त्यावरून हे नाव आले. साधारणतः शेजारशेजारच्या दोन नळ्या आतून गुळगुळीत, छर्ऱ्यांसाठी असतात. खालच्या तिसऱ्या नळीत पेचदार खाचा असतात, ती गोळीसाठी. उडत्या पक्ष्यावर छर्रे मारताना दुर्बिणीची अडचण होते, कारण तिच्यातून थोडेच क्षेत्र दिसते. दूरवर गोळी झाडताना मात्र ती हवी. म्हणून दुर्बीण चटकन काढता आली पाहिजे आणि पुन्हा लावताना तंतोतंत त्याच जागी बसली पाहिजे.

आता थोडे गणित करू. दुर्बिणीचे दोन आधार एकमेकांपासून 100 मिमी अंतरावर आहेत असे समजा. मागचा आधार 0.1 मिमी, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीइतका सरकला, तर दिशा 0.1 ÷ 100 = 0.001 रेडियनने बदलते. 100 मीटरवर ही चूक 10 सेंमी होते! एवढ्याने जनावर नुसते जखमी होऊन पळते व तडफडत मरते. म्हणूनच कारागीर आधाराचे नख्यांसारखे आकडे हाताने, कानशीने घासून खाचांत जमवीत.

जुन्या बंदुकीवर नवे आधार बसवताना आणखी एक धोका असतो. तिन्ही नळ्या व त्यांच्यामधील पट्ट्या बहुधा डाखाने जोडलेल्या असतात. कथील-शिशाचा डाख सुमारे 183 अंश सेल्सिअसला वितळू लागतो. आधार डाखताना उष्णता जास्त झाली, तर मूळ जोडच सुटतात.

आता दुर्बिणीच्या आत पाहू. वस्तुभिंगाने प्रतिमा उलटी पडते. मधली भिंगे ती सुलटी करतात. नेमाची फुली बरोबर प्रतिमेच्या प्रतलात असावी लागते. ती मागेपुढे असली, तर डोळा हलवताच फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. यालाच पराशय म्हणतात. अनेक जुन्या जर्मन दुर्बिणींत फुली फक्त वरखाली सरकवता येई. डावी-उजवी चूक आधारातच काढावी लागे.

प्रकाशाचाही प्रश्न असतो. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशा 10 सीमा असतील, तर 0.96 चा दहावा घात, म्हणजे जेमतेम 66 टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. 1935 मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर पातळ थर देण्याची रीत शोधली. दर सीमेवरील तोटा 1.5 टक्के धरला, तर 86 टक्के प्रकाश मिळतो. संधिप्रकाशात हा फरक मोठा असतो. सुरुवातीचे थर मऊ असत. जुनी भिंगे जोराने पुसू नयेत, ती यासाठीच.

शाळेत हे करून पाहता येईल. 30 सेंमी आणि 5 सेंमी नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे एकात एक सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवा. पहिल्या भिंगापासून 30 सेंमीवर एका कड्यावर दोन दोऱ्यांची फुली ताणा. दूरचे झाड पाहा. ते सहापट मोठे, पण उलटे दिसेल. डोळा हळूच डावी-उजवीकडे हलवा. मग कडे अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा, फुली स्पष्ट दिसेल असे डोळ्याकडचे भिंग जुळवा आणि पुन्हा डोळा हलवा. फरक मुलांनाच सांगू द्या.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील शिकारीचे ते युग संपले. पण हीच फुली जमीन मोजणाऱ्यांच्या थिओडोलाइटमध्ये आहे, आणि पराशय घालवल्याशिवाय तिथेही पहिले मोजमाप घेत नाहीत.