थॉमस पेन आणि साडेबारा टक्के

मराठी वाचकाला थॉमस पेन ठाऊक आहे तो जोतीराव फुल्यांमुळे. १८४७ साली ऐन विशीतल्या जोतीरावांनी त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे प्रत्येक फुलेचरित्रात येतं आणि पेन तिथेच संपतो. दुसऱ्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, त्यामुळे चरित्रकारांची घाई समजण्यासारखी आहे. पण याच पेनने जमिनीवर एक छोटी पुस्तिकाही लिहिली. ती वाचावी तर पनवेल-उरणच्या माणसाने.

पेन १७३७ साली इंग्लंडमधल्या थेटफर्डला जन्मला. बाप कॉर्सेट शिवायचा. पोरगाही तेच शिकला. पुढे अबकारी खात्यात चिकटला, सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी पत्रक लिहिलं आणि १७७४ साली नोकरी गेली. बेंजामिन फ्रँकलिनची शिफारस खिशात घालून तो फिलाडेल्फियाला पोचला. जानेवारी १७७६ मध्ये आलेल्या त्याच्या ‘कॉमन सेन्स’ने अमेरिकन वसाहतींना राजाशी उघड फारकत घ्यायचं बळ दिलं. ‘राइट्स ऑफ मॅन’मुळे मायदेशी राजद्रोहाचा खटला लागला, तेव्हा स्वारी फ्रान्सच्या राष्ट्रसभेत होती. तिथे राजाचा गळा कापू नका म्हणाला, म्हणून क्रांतिकारकांनीच त्याला तुरुंगात टाकलं. दोन्ही बाजूंनी मार खाणारी माणसं मला विश्वासाची वाटतात.

सुटकेनंतर त्याने ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ लिहिलं. ते १७९७ साली छापलं गेलं. त्याचं म्हणणं असं : जमीन मुळात सगळ्या माणसांची. कसणाऱ्याने तिच्यात जी भर घातली तेवढी त्याची, खालची भुई नव्हे. म्हणून जमीनधारकाने समाजाला भुईभाडं द्यावं. वारसाहक्काने जाणाऱ्या मालमत्तेतून दहावा हिस्सा काढून निधी उभारावा. त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड मिळावेत. गरीब असो की श्रीमंत, सगळ्यांना. कारण हे दान नाही, हक्क आहे.

आता नवी मुंबईकडे या. हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालं. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं सिडकोच्या आराखड्यात आली. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा आर्थिक कणा साधा होता : शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते-पाणी आणायचं, विकसित भूखंड विकायचे आणि वाढलेल्या किमतीत शहर उभारायचं. ही भर शेतकऱ्याने घातलेली नव्हती हे खरं, पण तिच्यातला वाटा कोणाचा, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं.

ते मागितलं जासईच्या दिनकर बाळू तथा दि. बा. पाटलांनी. पनवेलचे पाच वेळा आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे वकील पुढारी. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या भूसंपादनविरोधी आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. हिशेब गुंठ्यांत बघा : एकराला पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के कापले की हातात साडेतीन. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी आकडा साडेबावीस झाला. दि. बां.नी पेन वाचला होता का, हा प्रश्न मला गौण वाटतो. नुकसानभरपाई एकदाच फेकून मोकळं होता येत नाही, हे सरकारकडून वदवून घेणं मोठं.

पण पेन दि. बां.नाही अडचणीत आणतो. साडेबारा टक्के चालतात सातबाऱ्यावर. पेनचा हिशेब चालतो जन्मावर. पाग टाकून, खेकडे-निवटी धरून घर चालवणाऱ्या कोळ्याच्या खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असणार? बंदरासाठी भराव पडला, भरतीचं पाणी अडलं, मासळी गेली. तलाठ्याच्या दप्तरात मात्र काहीच गेलं नाही. अखेर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं, तेही पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका बुडाली या कारणावर. भरणाऱ्यांत बंदर प्रशासनाबरोबर सिडकोही होती. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये बेलापूरला हजारो भूमिपुत्र सिडकोवर धडकले. मागणी रास्तच. मात्र त्या गर्दीचा निम्मा जोर भूखंडधारक नसलेल्यांच्या हिश्शासाठी कधी लागलेला दिसला नाही. सिडकोने वाढलेल्या किमतीवर शहर बांधलं, शेतकऱ्याने लढून तिच्यातला वाटा घेतला. खाडीवरच्या माणसाला त्याच्या हिश्शासाठी लवादाची पायरी चढावी लागली. पेनच्या कसोटीवर नवी मुंबई अर्ध्या मार्कांनी पास आहे.