दमट थंडी आणि हीट पंपावरचा बर्फ

नॉर्वेतलं बर्गन हे समुद्रकाठचं शहर. हिवाळ्यात तिथला पारा शून्याच्या थोडा वर-खाली घुटमळतो आणि पाऊस काही पाठ सोडत नाही. दूर उत्तरेला, किनाऱ्यापासून आत असलेल्या कारास्योकला उणे तीसच्या खालची थंडी पडते, पण ती कोरडी. घरं उबदार ठेवणारे हीट पंप दोन्हीकडे चालतात. मग बाहेरच्या युनिटवर बर्फ जास्त कुठे साचतो? बर्गनला.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरची उष्णता गोळा करून तो घरात सोडतो. त्यातलं आर-३२ सारखं रेफ्रिजरंट नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांना उकळतं, म्हणून गोठवणाऱ्या हवेतूनही ते उष्णता खेचू शकतं. मात्र त्यासाठी बाहेरची कॉइल हवेहून काही अंश गार असावी लागते. हवा २ अंशांवर असली तरी कॉइलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या शून्याखाली जातात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर बर्फ होऊन बसते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ पहाटे गाड्यांच्या टपावर दव गोठतं, ते याच कारणाने. टप रात्रभर उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो.

शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जेमतेम पाच ग्रॅम वाफ मावते, उणे १५ला दीड ग्रॅमच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत पंपाची ताकद घटते हे खरं, पण बर्फ व्हायला हवेत वाफच फारशी उरलेली नसते.

या बर्फाचा हिशेब मोठा विलक्षण आहे. एक किलो वाफेचा बर्फ होताना सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती पंपालाच मिळते. तोच बर्फ वितळवायला लागतात ३३४ किलोज्यूल, म्हणजे मिळकतीचा आठवा हिस्सा. तोटा होतो तो बर्फ पात्यांमध्ये अडून बसल्यामुळे. दोन पात्यांमधली फट दोनेक मिलिमीटरची. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असल्याने त्यातून उष्णता धड जात नाही, आणि फट बुजली की वाराही जात नाही. उष्णता कमी मिळते तशी कॉइल आणखी गार होते आणि बर्फ आणखी चढतो.

मग पंप काही मिनिटांपुरता पुन्हा एसी होतो. बाहेरचा पंखा थांबतो, चार तोंडांची झडप खटकन फिरते, फुस्स आवाज येतो आणि कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम वायू घराऐवजी बाहेरच्या कॉइलकडे वळतो. पांढरा थर आधी करडा पडतो, मग ओला होऊन पात्यांवरून घसरतो, खाली पाणी ठिबकू लागतं. कॉइल पुरेशी तापली की झडप परत फिरते, पंखा सुरू होतो आणि वाफेचा एक मोठा लोट उठतो. नवख्या माणसाला वाटतं, यंत्राने पेट घेतला.

तेवढ्या वेळात लागणारी उष्णता घरातूनच काढली जाते, म्हणजे खोलीतल्या हवेतून किंवा जमिनीखाली फिरणाऱ्या गरम पाण्यातून. म्हणून हे कधी करायचं याला फार महत्त्व आहे. जुनी यंत्रं घड्याळ लावल्यासारखी ठरावीक वेळाने बर्फ काढत, बर्फ असो वा नसो. कोरड्या थंडीत ही निव्वळ उधळपट्टी. आताची चांगली यंत्रं कॉइल आणि हवा यांच्या तापमानातला फरक बघून ठरवतात. माझ्या मते हीट पंप निवडताना याची चौकशी जरूर करावी. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांत ही गोष्ट दिसत नाही.

पाण्याच्या निचऱ्याकडेही असंच दुर्लक्ष होतं. वितळलेलं पाणी तळाच्या ट्रेमध्ये पुन्हा गोठलं, तर बर्फाचा ढीग वाढत पंख्याच्या पात्यांना भिडतो. म्हणून थंड प्रदेशात युनिट जमिनीपासून उंच स्टँडवर बसवतात आणि ट्रेखाली छोटा हीटर लावतात. कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं नक्की पाळावं: बर्फ दिसला म्हणून उलथनं घेऊन खरवडायला जाऊ नये. कॉइलच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात, चटकन वाकतात. नळीला भोक पडलं तर रेफ्रिजरंट निघून जातं. पातळ पांढरा थर यंत्र स्वतःच काढतं. तासन्‌तास न हटणारं जाड कवच दिसलं, तर यंत्र बंद करून मेकॅनिकला बोलवावं.