गेटावरचा पहारेकरी

मी तुमसरजवळच्या आंबागडचा. आमच्याकडे शेतात सोलर पंप आहे. मागच्या उन्हाळ्यात तो सारखा ट्रिप व्हायला लागला. बटण दाबलं की दोन मिनिटं पाणी, मग कंट्रोलरवर लाल दिवा. धानाच्या बांध्या कोरड्या पडत होत्या. शेजारचे काका म्हणाले, "ते प्रोटेक्शन काढून डायरेक्ट करून टाक ना बाबू, इंजिनिअर होऊन राहिला ना तू!"

मी नाही म्हणालो. कारण हाच उद्योग आम्ही प्रोजेक्ट लॅबमध्ये आधीच करून बसलो होतो!

थोडं मुळापासून सांगतो. अशा कंट्रोलरमध्ये पॅनेलच्या डीसीचं एसी करून मोटार फिरवतात. हे काम आयजीबीटीसारखे स्विच करतात. गेटला १५ व्होल्ट दिले की स्विच चालू, काढले की बंद. मायक्रोकंट्रोलर देतो जेमतेम ३.३ किंवा ५ व्होल्ट. म्हणून मध्ये गेट ड्रायव्हर लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एमसीबी आहे ना? होस्टेलवर हीटर लावला की तोच पडतो! पण शॉर्ट सर्किट झालं तर आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंदच तग धरतो. एमसीबीला काही मिलिसेकंद लागतात, म्हणजे शेकडो पट उशीर. तो येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून पहारेकरी गेटावरच हवा. त्याची मुख्य कामं चार.

१) डेड टाइम : एका लेगमधले वरचा आणि खालचा स्विच एकदम चालू झाले तर डीसी बस सरळ शॉर्ट. म्हणून एक बंद झाल्यावर थोडं थांबूनच दुसरा चालू करायचा.

२) अंडरव्होल्टेज लॉकआउट : १५ चे ११ व्होल्ट झाले तर स्विच अर्धवट चालू राहून तापू लागतो. अशा वेळी ड्रायव्हर त्याला बंदच ठेवतो. अर्धवट उघड्या दारापेक्षा बंद दार बरं.

३) डिसॅट : चालू आयजीबीटीवर साधारण २ व्होल्ट असतात. शॉर्ट झालं की ते झपाट्याने चढतात. ७ व्होल्टच्या वर गेले की ड्रायव्हर समजतो, गडबड आहे.

४) सॉफ्ट टर्न-ऑफ : गडबड दिसली म्हणून झटकन बंद केलं तरी पंचाईत. वायरिंगचा इंडक्टन्स १०० नॅनोहेन्री धरा. ३०० अँपिअर ०.१ मायक्रोसेकंदात तोडले तर ३०० व्होल्टचा जादा झटका बसतो. तेच १ मायक्रोसेकंदात तोडले तर फक्त ३०! म्हणून हळू बंद करायचं.

आता आमची चूक. आमचा ड्रायव्हर होता एचसीपीएल-३१६जे. स्विच पूर्ण चालू होईपर्यंत त्यावरचं व्होल्टेज जास्तच असतं, तेवढा वेळ डिसॅटने डोळे मिटायचे असतात. हा वेळ एक कपॅसिटर ठरवतो. २५० मायक्रोअँपिअरने तो ७ व्होल्टपर्यंत भरायला १०० पिकोफॅरडला २.८ मायक्रोसेकंद लागतात. आम्ही हाताला लागला तो ३३ पिकोचा लावला. वेळ उरला ०.९ मायक्रोसेकंद. साहजिकच विनाकारण ट्रिपिंग सुरू. डेमो दोन दिवसांवर! आम्ही डिसॅटची पिन इमिटरला जोडून टाकली. ट्रिपिंग बंद, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी आउटपुटच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. डीसी बसवर ३२५ व्होल्ट होते. फटाक्यासारखा आवाज झाला, मॉड्यूलचं झाकण उडून माझ्या चष्म्यावर आदळलं. चष्मा नसता तर? मॉड्यूलचे पैसे चौघांनी वाटून भरले, पण त्या प्रश्नाचं उत्तर अजून अंगावर काटा आणतं. दोष पहारेकऱ्याचा नव्हता. त्याला चुकीचं घड्याळ आम्हीच दिलं होतं.

म्हणून गावी मी कंट्रोलरला हात लावला नाही. पॅनेलचा डीसी स्विच बंद केला, पंपाची केबल सोडवली आणि मेगर लावला. विहिरीच्या काठावर घासून केबलचं इन्सुलेशन गेलं होतं. पाण्याचा शिपका बसला की शॉर्ट! केबलचा तो तुकडा बदलला आणि लाल दिवा गेला. डायरेक्ट केलं असतं तर कंट्रोलर तर जळलाच असता, आणि त्याच विहिरीवर बाबा रोज ओल्या पायांनी उभे राहतात.

तेव्हा दोस्तांनो, ट्रिप झालं की आधी "का?" विचारा. पहारेकरी ओरडतोय म्हणून त्याचं तोंड बांधू नका. आणि लॅबमध्ये चष्मा घाला, नंबर नसला तरी!