प्रसूतीच्या कळा : खऱ्या कोणत्या, फसव्या कोणत्या?

नववा महिना लागला की साऱ्या घराचे लक्ष डॉक्टरांनी दिलेल्या तारखेकडे लागते. ही तारीख शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते आणि तो केवळ अंदाज असतो. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर प्रसूती केव्हाही सुरू होऊ शकते. म्हणून तारखेपेक्षा लक्षणे ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

कळांचे मोजमाप

शेवटच्या आठवड्यांत पोट अधूनमधून कडक होते आणि पुन्हा सैल पडते. या फसव्या कळा होत. त्यांना नियम नसतो. कूस बदलली, थोडे चालले किंवा पाणी प्यायले की त्या बहुधा ओसरतात. खऱ्या कळा विश्रांतीने थांबत नाहीत. अनेकदा त्या कमरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येतात, त्यांतील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. कळ ऐन भरात असताना गर्भवतीला बोलणेही कठीण होते.

शंका आल्यास घड्याळ पाहावे. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ आणि प्रत्येक कळ किती टिकते, हे कागदावर लिहून ठेवावे. पहिलटकरणीला साधारण दर पाच मिनिटांनी, सुमारे एक मिनिट टिकणारी कळ तासभर येत राहिली, तर रुग्णालयात जाण्याची वेळ झाली असे समजावे. दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस प्रसूती वेगाने होते. त्यामुळे कळा नियमित होताच निघावे. रुग्णालय दूर असेल, आधीचे सिझेरियन झालेले असेल किंवा बाळ पायाळू वा आडवे असेल, तर इतका वेळ मोजत बसू नये.

इतर खुणा

गर्भाशयाचे मुख सैल होऊ लागले की रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव अंगावरून जातो. प्रसूती जवळ आल्याची ही खूण आहे. पण त्यानंतर कळा सुरू होण्यास काही तास किंवा काही दिवसही लागू शकतात.

गर्भजलाची पिशवी फुटणे ही खूण वेगळी. पाणी एकदम वाहते किंवा थेंबथेंब झिरपते आणि पुष्कळदा लघवी सुटल्याचा भास होतो. स्वच्छ पॅड ठेवून पाण्याचा रंग पाहावा, वेळ नोंदवावी आणि कळा नसल्या तरी रुग्णालय गाठावे. पाणी गेल्यानंतर जितका वेळ जातो, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

येथे वाट पाहू नये

पाण्याचा रंग हिरवट वा तपकिरी असणे, पाळीसारखा रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोट सतत दगडासारखे कडक राहणे आणि ३७ आठवड्यांपूर्वी नियमित कळा येणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ निघावे. ‘पहिले बाळंतपण आहे, वेळ लागेलच’ हा घरातील थोरांचा दिलासा एरवी खरा असला, तरी अशा वेळी घातक ठरू शकतो. कळा याव्यात म्हणून एरंडेल किंवा काढाही परस्पर देऊ नये.

तयारी आधीच हवी

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील आडवाटेच्या वाड्यांवरून म्हापसा, मडगाव किंवा बांबोळी गाठण्यास वेळ लागतो. पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे पडले तर तो आणखी वाढतो. म्हणून आठवा महिना संपण्यापूर्वीच कोणत्या रुग्णालयात जायचे, रात्री वाहन कोणाचे आणि घरातील मुलांजवळ कोण थांबणार, हे ठरवून ठेवावे. तपासणीची फाईल, ओळखपत्र, मऊ सुती कपडे आणि बाळाची दुपटी एकाच पिशवीत भरून ठेवावीत. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खात्री नसेल तर रुग्णालयात दूरध्वनी करावा किंवा तपासून यावे. कळा फसव्या निघाल्या आणि घरी परतावे लागले, तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. असे अनेकींच्या बाबतीत घडते आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक असते.